चावडीच्या दारातला बाजार

ज्या राजांची नावंही आता कुणाला सांगता येणार नाहीत, त्या राजांच्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांच्या आडून ऐकावी.

दोन ओढ्यांच्या मधे एक गाव होतं. त्या गावच्या वैद्यबुवांना एकच लेक होती. तिचं नाव कुमुद. मुलगी हुशार, म्हणून गावाने घरोघरून धान्य गोळा करून तिला दूर, कितीतरी नद्यांपलीकडच्या विद्यापीठात धाडलं होतं. कोणतं धान्य बळ देतं, कोणती भाजी पोट साफ ठेवते, तापातून उठलेल्याला काय द्यावं, हे सगळं ती तिथे शिकली. शिकून झालं, तशी एक दिवसही न थांबता ती गावाकडे निघाली.

वाटभर तिने मनात एक चित्र रंगवलं होतं. गावातली मुलं किरकिरी आणि मरगळलेली असतात, बायकांना अशक्तपणा असतो, पुरुषांची पोटं सदा बिघडलेली असतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचं कारण एकच असणार, अज्ञान. बिचाऱ्यांना काय खावं ते कुणी धड सांगितलेलंच नाही. आपण जाऊ, आपण सांगू, लोक डोळे मोठे करून ऐकतील, आणि वर्षभरात गावाचा चेहरा बदलेल.

गावात पाय ठेवल्यावर तिला दिसलं ते वेगळंच.

शेजारच्या म्हाळसाकाकूंच्या ओसरीवर बसून तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, वाढत्या मुलांना काय द्यावं, ठाऊक आहे का?"

"न ठाऊक असायला काय झालं? नाचणी, दूध, मूग, पालेभाजी. तुझा बाप हेच सांगत आला गं बाई इतकी वर्षं. ऐकून ऐकून केस पिकले आमचे."

"मग आज घरात काय शिजणार?"

काकूंनी आत जाऊन मडकी हलवून पाहिली. "गूळ आहे. पापड आहेत. चिंच आहे, चांगला मोठा गोळा."

"आणि मूग?"

"मूग ना? आणायचे राहिले बघ."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. ठाऊक सगळ्यांना सगळं होतं. शेंबडं पोरसुद्धा पथ्य पाठ म्हणून दाखवत होतं. फक्त मडक्यात ते नव्हतं. बाजार झाला की एकदोन दिवस घराघरांत चंगळ असायची आणि पुढचे दिवस पापड, चटणी नाहीतर गुळाचा खडा.

कुमुद चक्रावून गेली. अज्ञान असतं तर ती दोन हात करायला तयार होती. पण ज्याला सगळं ठाऊक आहे, त्याला काय शिकवायचं?

त्या गावी बाजार आठवड्यातून एकदा भरे. दूरदूरचे विकणारे बैलगाड्या घेऊन पहाटे येत आणि दुपार कलली की निघून जात. ओढ्यांपलीकडच्या वाड्यावस्त्यांवरची माणसंही त्याच दिवशी गावात येत. म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने ठरवून टाकलं होतं की गावकीचे तंटे ऐकायला चावडीही त्याच दिवशी बसायची. चावडीचं दार उघडायचं ते थेट बाजारातच. पाटलांना या सोयीचा मोठा अभिमान होता. परगावचा पाहुणा आला की ते मिशांवरून हात फिरवत सांगत, "आमच्याकडे माणूस एका फेरीत न्याय पण नेतो आणि भाजी पण."

कुमुद एका बाजाराला एका उंच दगडावर चढून उभी राहिली आणि मनापासून बोलली. लोक थांबले, त्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी बोलते गोड." दुसरा म्हणाला, "खरंय तिचं, अगदी खरंय." आणि दोघेही गेले ते थेट भागूमावशीच्या कढईकडे.

भागूमावशी भजी तळायची. तिची कढई चावडीच्या दारासमोर, अगदी पायरीला लागून असे. आत एखाद्या तंट्याचा निकाल लागला की बाहेर पडणारा माणूस आधी त्या कढईपाशी थांबे. मग गूळवाल्याकडे जाई, मग चिवडेवाल्याकडे, आणि शेवटी टोपलीत जागा उरलीच तर भाजीकडे.

हे पाहता पाहता कुमुदला वाटलं, सापडलं! रोगाचं मूळ त्या कढईतच आहे. माणसाला शहाणपण असतं, पण खमंग वास आला की ते टिकत नाही. कढई हलली की गाव सुधारेल. तिने पाटलांना निरोप धाडला की पुढच्या बाजाराच्या दिवशी मला चावडीपुढे गाऱ्हाणं मांडायचं आहे.

त्याच दिवसांत वैद्यबुवांना मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण त्यांची काया पार गळून गेली. आता मुगाचं कढण आणि जुन्या तांदळाची पेज, याखेरीज काही चालणार नव्हतं, नाचणी-कुळीथसुद्धा नाही. वैद्यबुवांनी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं: तापापेक्षा तापानंतरचा आठवडा कठीण. पोटात जड काही गेलं तर ताप उलटतो, आणि उलटलेला ताप माणसाला सहसा सोडत नाही.

बाजाराच्या सकाळी ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "कुमू, मूग संपले गं. तांदूळही तळाला गेलेत. तेवढं आठवणीने आण."

"आणते बाबा. आधी चावडी, मग बाजार. बाजार काय, दारातच आहे."

"आज काय आहे चावडीत?"

"आज कढईचा निकाल आहे," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. वैद्यबुवांना हसू आलं, पण हसायलाही अंगात ताकद लागते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

चावडी गच्च भरली होती. पहिला तंटा म्हाळसाकाकूंचा होता, दिरांशी बांधावरून. तो काकूंनी जिंकला. दुसरा खंडोजी सुताराचा. त्याने बनवलेला नांगर पहिल्याच दिवशी मोडला, अशी तक्रार होती. तो हरला. भरपाई म्हणून दुसरा नांगर करून द्यायचा, असा निकाल झाला. खंडोजी खाली मान घालून बाहेर पडला.

मग पाटील म्हणाले, "बोल, वैद्यांच्या लेकी."

कुमुद बोलली. तिने सगळं शास्त्र मांडलं. तेल पोटात गेल्यावर काय होतं, मुलांचे पाय काडीसारखे का राहतात, कढईचा वास माणसाची बुद्धी कशी झाकून टाकतो. तिचा आवाज थरथरत होता, कारण तिला हे सगळं खरोखर आतून वाटत होतं.

पाटलांनी भागूमावशीकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत पुढे आली.

"पाटील, मी कुणाचा हात धरून भजी भरवते का? तुमच्या दारातून माणसं बाहेर पडतात तीच वखवखलेली. त्यांना विचारा, आत तुम्ही त्यांना काय खाऊ घालता ते."

चावडी खो खो हसली. पाटीलही हसले.

भागूमावशी कुमुदकडे वळली. "आणि काय गं बाळे, एवढीशी होतीस तेव्हा माझ्या कढईपाशी नाक ओढत उभी राहायचीस. 'मावशी, कांद्याचं दे, मावशी, कांद्याचं दे.' तेव्हा हे शास्त्र कुठल्या नदीपलीकडे होतं?"

आता मात्र लोकांना हसू आवरेना. एकजण तर हसता हसता खांबाला धरून खाली बसला.

पाटलांनी हात वर केला. "कढई जिथे आहे तिथेच राहील." मग ते कुमुदला मायेने म्हणाले, "पोरी, अजून तू लहान आहेस. चार पावसाळे इथे काढ. मग गावाला शिकव."

त्या हसण्यापेक्षा ती माया तिला जास्त झोंबली.

ती बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते. कढईतून ताज्या घाण्याचा वास आला. तिने मान ताठ केली आणि तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मनात एकच गोष्ट घुमत होती. लहान आहे काय मी? शहाण्या माणसाची टोपली कशी भरते ते दाखवतेच यांना.

ती भाजीवालीपाशी गेली. "कारली दे."

"किती देऊ?"

"घाल, घाल, मी सांगेपर्यंत घाल."

भाजीवाली घालत राहिली. शेवटी तिनेच हात थांबवला. "बाई, एवढी कारली? घरात लग्न आहे का?"

"घरात शहाणपण आहे," कुमुद म्हणाली आणि पुढे सरकली.

तिने शेवग्याच्या शेंगांची जुडी घेतली. सुरणाचा भला मोठा गड्डा घेतला. आवळे घेतले, आणि माठाची जून, जाड देठांची जुडी घेतली. धान्यवाल्याकडे नाचणी घेतली, अख्खे हरभरे घेतले, कुळीथ घेतले. घेताना ती प्रत्येक गोष्टीचा गुण मोठ्या आवाजात बोलत होती, आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणून. टोपली शिगोशीग भरली. मग घराकडची जवळची वाट सोडून, टोपली डोक्यावर घेऊन, ती बाजाराच्या मधोमध चालत गेली. चावडीच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ती टोपली दिसली पाहिजे, अशी ती सावकाश चालली.

घरी पोचेपर्यंत तिचा जीव थोडा हलका झाला होता. वैद्यबुवा जागेच होते. रिकामी वाटी त्यांच्या शेजारी पालथी घातलेली होती.

कुमुदने टोपली खाली ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडली. "हे बघा बाबा, कारली. ही नाचणी, हाडांना बळ देणारी. हे आवळे, यांच्यासारखं दुसरं फळ नाही. हे कुळीथ. सगळ्या बाजारात इतकी चांगली टोपली कुणाची नव्हती."

"छान आहे," वैद्यबुवा म्हणाले. "सगळं शास्त्राला धरून आहे."

"आहेच मुळी."

"यातल्या कशाची पेज करशील मला?"

कुमुदचा हात टोपलीतच थांबला. तिने तळ चाचपला. माठाची पानं बाजूला केली, सुरण उचलून पाहिला. मूग नव्हते. जुने तांदूळ नव्हते. नाचणीच्या पोत्याला टेकूनच मुगाचं पोतं होतं, हे तिला आता आठवलं. ती त्याच्यासमोर उभी होती. हात लांबवला असता तरी मुगाला लागला असता. पण त्या वेळी तिला ते पोतं दिसलंच नव्हतं.

ती तशीच बाजाराकडे धावली. गाड्या निघून गेल्या होत्या. मैदानात कोबीचा पाला पडला होता, शेण पडलं होतं, दोन कुत्री भज्यांचा चुरा हुंगत होती. आता बाजार भरणार तो पुढच्या आठवड्यात. दुसरं बाजाराचं गाव दोन्ही ओढे ओलांडून दिवसभराच्या वाटेवर, आणि अशा माणसाला एकटं टाकून जायचं कसं?

ती म्हाळसाकाकूंच्या दारात गेली. घरात पुरणाची तयारी चालली होती. चुलीवर हरभऱ्याची डाळ रटरटत होती. खोबरं किसून ठेवलेलं होतं, गुळाची ढेप फोडलेली होती, आणि तुपाचं गाडगं काठोकाठ भरलेलं होतं.

"ये गं ये! आज गोड खाऊनच जा. बांध माझा झाला!"

"काकू, ओंजळभर मूग आहेत का? बाबांच्या कढणाला."

काकूंचा चेहरा पडला. "मूग नाहीत गं. अगं, आज मूग कुणाला आठवतात? मी बाहेर पडले ती हवेतच होते. समोर गूळ दिसला, खोबरं दिसलं, म्हटलं सगळ्या भावकीला जेवायला बोलावते." मग जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "उद्यापासून पोरांना काय घालायचं, ते आता बघते."

कुमुद सुताराच्या घरी गेली. खंडोजी दाराकडे पाठ करून बसला होता. त्याची बायको सुपात लाल मिरच्यांचा ढीग निवडत होती. शेजारी लसणाच्या गड्ड्या आणि एक नारळ होता. बस, एवढाच बाजार.

"वहिनी, मूग आहेत का थोडे?"

"कुठले मूग आणि कुठले काय! हा माणूस चावडीत हरला की मिरच्या आणतो, आणि जिंकला की पाहुणे आणतो. दोन्ही वेळेला डोळ्यांतून पाणी माझ्याच येतं."

खंडोजी पाठमोराच गुरगुरला, "मिरच्या लागतातच घरात."

"हो, लागतात की. गेल्या वेळच्याच अजून वाळताहेत छपरावर."

कुमुद आणखी दारं फिरली. एका घरी नुसतीच बोरं आणि चिंचा होत्या. तिथल्या सुनेला माहेरचा माणूस बाजारात भेटेल अशी आशा होती, आणि तो आला नव्हता. एका घरी टोपली रिकामीच परतली होती, कारण दोघं भाऊ चावडीतून भांडत निघाले आणि भांडतच घरी पोचले. मूग कुणाकडेच नव्हते.

शेवटी एकच दार उरलं. कुमुद त्या अंगणाच्या बाहेर बराच वेळ घुटमळली. मग डोळ्यांपुढे ती पालथी वाटी आली, आणि ती आत गेली.

भागूमावशी कढई राखेने घासत होती. तिने वर पाहिलं. "आता काय माझं घर हलवायला आलीस?"

"मावशी, मूग आहेत का? बाबांसाठी हवेत." कुमुदचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी आणायला विसरले."

भागूमावशी कढई घासायची थांबली. उठून आत गेली, आणि एका हातात मुगाचं मडकं, दुसऱ्या हातात तांदळाचं गाठोडं घेऊन बाहेर आली.

"माझ्या हातचं गावाचं पोट बिघडवतं म्हणालीस ना? मग माझ्या घरचे मूग चालतील का वैद्यांना?"

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालतील मावशी."

"मग पदर पसर. जुने तांदूळ आहेत, पेज लागेल चांगली."

कुमुदने पदर पसरला. राहवलं नाही म्हणून तिने विचारलं, "सगळ्या गावात कुणाकडे मूग नाहीत, तुमच्याकडेच कसे?"

"अगं, दिवसभर तेलापुढे बसल्यावर मला घरी मुगाची खिचडीच गोड लागते. आणि आज तर मी उजाडताच घेऊन टाकलं सगळं, चावडी बसायच्या आधी. तू माझ्यावर गाऱ्हाणं घातलेलं. एकदा तिथून बाहेर पडल्यावर माझं डोकं ठिकाणावर असतं होय? जा आता. बापाला आधी वाढ, माझ्याशी भांडण उद्या काढ."

कुमुद घरी आली. तिने मूग धुतले, शिजवले, घोटून कढण केलं. वैद्यबुवांनी घोट घोट करत वाटी संपवली आणि समाधानाने डोळे मिटले. दिवेलागण झाली होती. कुमुद उंबऱ्यावर बसली. समोर तिची टोपली होती, अजून तशीच, कारल्यांनी भरलेली.

भागूमावशीच्या बोलण्यातले काही शब्द तिच्या मनातून जाईनात. चावडी बसायच्या आधी.

म्हाळसाकाकू जिंकून बाजारात गेल्या होत्या, आणि त्यांच्या टोपलीत मेजवानी आली. सुतार हरून गेला, त्याच्या टोपलीत मिरच्या आल्या. सून वाट पाहून थकली, तिच्या टोपलीत चिंचा आल्या. एकालाही त्या क्षणी ठाऊक नव्हतं असं नाही की घरी नाचणी हवी, मूग हवेत. पण बाजारात टोपली घेऊन चालत होता तो जिंकल्याचा माज, हरल्याचा राग, रुसवा. माणूस घरीच राहिला होता.

आणि आपली टोपली?

इथे कुमुदला स्वतःपुढेच मान खाली घालावी लागली. कढईकडे न पाहता आपण पुढे गेलो, म्हणून आपण शहाण्या ठरलो असं तिला दुपारी वाटत होतं. पण तिच्या कारल्यांत आणि सुताराच्या मिरच्यांत काडीचाही फरक नव्हता. सुताराने राग तिखटात घातला, तिने कडवटात घातला. एवढी गुणकारी टोपली, पण ती बापासाठी भरलेलीच नव्हती. ती चावडीच्या ओट्याला दाखवायला भरली होती. विद्यापीठात ती अन्नाचे सगळे गुण शिकली होती. पण अन्न निवडणारा हात कुणाच्या हुकुमाने चालतो, हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिला गावाचा राग येईना. उलट तिला गावाविषयी कधी नव्हे एवढी जवळीक वाटू लागली. आपण यांच्यातल्याच एक आहोत, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यबुवांचं कपाळ थंड होतं. "कुमू, पेज दे गं, भूक लागली," ते म्हणाले, आणि आवाजात जरा जोर आला होता. तिने त्यांना पोटभर पेज वाढली. ते जेवत असताना तिने आपला निर्णय घेतला.

तिने कारली, सुरण, आवळे, सगळं पुन्हा टोपलीत भरलं. टोपली डोक्यावर घेतली आणि ती पाटलांच्या ओट्याकडे निघाली. ओट्यावर नेहमीची माणसं तंबाखू मळत बसली होती. तिने ठरवलं होतं की आज शास्त्र सांगायचं नाही. आज फक्त ही टोपली सगळ्यांसमोर उपडी करायची आणि घडलं ते सांगायचं: "बाप तापातून उठलेला, घरात मुगाचा दाणा नाही, आणि तुमच्या चावडीतून रागाने बाहेर पडून मी हे घेऊन घरी गेले. कढई राहू द्या. भागूमावशींची मी माफी मागते. तुम्ही फक्त एक करा पाटील. तंटे बाजार उठल्यावर ऐका. आधी माणसाला शांतपणे घरचं सामान घेऊ द्या, मग खुशाल भांडू द्या."

ते तिने तसंच सांगितलं. पाटलांनी त्या कारल्यांकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्याच घरच्या मडक्यांत काय आहे ते आठवून पाहिलं, आणि ते हसले नाहीत.

पुढच्या बाजारापासून गाड्या निघून गेल्यावरच चावडीचं दार उघडू लागलं. माणसं भांडायची थांबली नाहीत, हरायची, रुसायची, फुशारायचीही थांबली नाहीत. भागूमावशीची कढईही तापत राहिली. पण तोवर टोपल्या भरून ओसरीवर ठेवलेल्या असत, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांतही घराघरांत मूग शिजल्याचा वास येऊ लागला.

तात्पर्य: टोपली उचलण्याआधी मन निवू द्यावं, कारण तापलेलं मन फक्त स्वतःपुरतं विकत घेतं आणि घरच्यांना उपाशी ठेवतं.